वाचक विचारतात : खिडकीत बसून उडतं पाखरू टिपताना

कोकणातून आलेल्या पत्रांपैकी या वेळी फक्त उडत्या पक्ष्यांच्या छायाचित्रणाची पत्रं घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. उत्तरं मात्र गरजेप्रमाणे लांबली आहेत.

प्रश्न : आमच्या खळ्यासमोर विजेच्या तारेवर रोज सकाळी वेड्या राघूंची जोडी बसते. खिडकीपासून अंतर आठेक मीटर. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आणि ७०-३०० लेन्स आहे. बसलेला पक्षी छान येतो. उडाला की एक तर फ्रेम रिकामी, नाहीतर हिरवा फराटा. शटर १/१००० ठेवतो. काय चुकतं?
— वाचक, गुहागर

उत्तर : रिकामी फ्रेम आणि फराटा हे दोन वेगळे दोष आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आधी रिकामी फ्रेम. पक्षी उडाला हे डोळ्यांनी पाहून बोट दाबेपर्यंत पाव सेकंद निघून जातो. त्यात आरसा वर जाऊन पडदा उघडायला डीएसएलआर आणखी ५० ते १०० मिलिसेकंद घेतो. राघूचा वेग सेकंदाला अवघा पाच मीटर धरला, म्हणजे सायकलइतकाच, तरी तेवढ्यात तो दीड मीटर पुढे गेलेला असतो. आठ मीटरवर ३०० मिमी लेन्सच्या फ्रेममध्ये रुंदीला साधारण ६० सेंटीमीटर जागा मावते. म्हणजे पाहून दाबलं तर तो फ्रेममध्ये सापडणारच नाही. उडण्याआधी दाबायला हवं. राघू माशीवर नजर ठेवून मान झटक्याने फिरवत असतो; मान एका दिशेला स्थिरावली, अंग पुढे कलंडलं आणि पिसं अंगाला चिकटली की दाबायला सुरुवात करा. सेकंदभराचा बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो, पुरे. बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, लवकर भरत असेल तर या कामापुरतं जेपेग वापरा.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे परतीचा फोटो. वेडा राघू भक्ष्य पकडून बहुधा त्याच जागी येतो आणि बसण्याआधी पंख व शेपटी पसरून वेग मारतो. तो उडाला की कॅमेरा त्याच्यामागे फिरवू नका. बैठकीवरच रोखून ठेवा आणि दुसऱ्या डोळ्याने तो येताना पाहा. सुरुवातीचे आठ दिवस फक्त एवढंच करा.

आता फराटा. १/१००० सेकंदात सेकंदाला पाच मीटर वेगाचा पक्षी पाच मिलिमीटर सरकतो. तुमच्या अंतरावर आणि २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर त्याचा पन्नासेक पिक्सेलचा फराटा होतो. १/३२०० ला तो पंधरावर येतो. पंखांची टोकं अंगापेक्षा कितीतरी वेगाने हलतात, म्हणून १/३२०० ही खालची मर्यादा समजा. एफ/८ आणि १/३२०० ला भर उन्हात आयएसओ ८०० लागतो, सकाळी आठच्या उन्हाला १६००. कमी आयएसओच्या हट्टापायी शटर खाली आणू नका. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला पंख सावरता येत नाही.

फोकस बैठकीवर ऑटोने पक्का करा, मग लेन्स मॅन्युअलवर टाका. नाहीतर पक्षी सुटताच ऑटोफोकस मागच्या झावळ्यांवर जाऊन बसतो. इथे बहुतेकांची एक चूक होते. पक्षी मोठा दिसावा म्हणून ते जवळ जातात. ३०० मिमी, एफ/८ ला आठ मीटरवर स्पष्टतेचा पट्टा २१ सेंटीमीटरच्या आसपास असतो. पाच मीटरवर तो जेमतेम आठ-साडेआठ उरतो, तीन मीटरवर तीन. त्यात पसरलेले पंख मावत नाहीत. आठ मीटर हे तुमचं अंतर चांगलं आहे, ते सोडू नका.

तार मात्र सोडा. तार फोटोत वाईट दिसते, आणि विजेच्या खांबाला काठी, फांदी काही बांधणं हा जिवाशी खेळ आहे. त्याऐवजी खळ्याच्या कडेला अडीच मीटर उंच बांबू रोवून त्याच्या टोकाला आंब्याची वाळकी, करंगळीएवढी जाड फांदी आडवी बांधा. मागची झाडं त्या फांदीपासून निदान सहा-सात मीटर दूर असावीत. पक्षी ही बैठक स्वीकारायला चार दिवस घेईल किंवा पंधरा. माश्या पकडून टांगणं वगैरे करू नका. आंब्याला मोहोर आला की किडे आपोआप येतात.

बांबू कुठे रोवायचा हे वाऱ्यावर ठरवा. याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि किनाऱ्यावरच्या घरांना तर ही मोठी देणगी आहे. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन झेपावतो आणि तसाच उतरतो. पावसाळा सरल्यावर सकाळी नऊ-दहापर्यंत मतलई वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून वाहतो, आणि ऊनही पूर्वेचंच. दुपारनंतर खारा वारा पश्चिमेकडून येतो, तोवर सूर्यही पश्चिमेला ढळलेला असतो. दोन्ही वेळा पक्ष्याचं तोंड उन्हाकडे. उत्तरेकडे उघडणारी खिडकी यासाठी सर्वांत उत्तम. हिवाळ्यात सूर्य तुमच्या पाठीमागे खांद्यापाशी राहतो आणि पक्षी फ्रेममध्ये आडवा जातो, त्यामुळे तो फोकसच्या पट्ट्यातून लवकर बाहेर पडत नाही. पश्चिमेच्या खिडकीतून सकाळी तो थेट अंगावर येतो. चेहरा सुंदर उजळतो, पण फोकस निसटण्याचं प्रमाण फार. डोंगराच्या कुशीत किंवा दाट आगरात वारा फिरतो, म्हणून बांबूला एक हलका दोरा बांधून दोन दिवस त्याची दिशा लिहून ठेवा.

खिडकीत बसताना गजांना टेकून बसू नका. मीटरभर आत, खोलीतला दिवा बंद करून बसा. बाहेरच्या उजेडातून अंधाऱ्या खोलीतलं पक्ष्याला फारसं दिसत नाही.

प्रश्न : पडवीच्या कडेला जास्वंद आहे. तिच्यावर शिंजीर येतो आणि क्षणभर हवेत थांबून मध पितो. १/४००० ला फोटो काळे आणि दाणेदार येतात. फ्लॅश वापरला तर पंख थिजतील का? पक्ष्याला त्रास होईल का?
— वाचक, मालवण

उत्तर : थिजतील, पण फ्लॅश नेमका कसा वापरायचा हे समजून घ्यावं लागेल. पूर्ण शक्तीवर साध्या फ्लॅशचा प्रकाश १/२५० ते १/१००० सेकंद रेंगाळतो. तोच फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ किंवा १/३२ शक्तीला आणला की त्याचा झोत १/१०,००० सेकंदाच्या आसपास संपतो. पंख थिजवतो तो हा झोत, शटर नव्हे. शटर कॅमेऱ्याच्या सिंक वेगावर (साध्या फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जलद शटर वेग), म्हणजे १/२०० किंवा १/२५० वरच ठेवा. हाय स्पीड सिंक मुळीच चालू करू नका. त्यात फ्लॅश एका झोताऐवजी लागोपाठ स्पंदनं सोडतो आणि थिजवण्याचा गुणच जातो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

दुसरी अट अंधाराची. शटर १/२५० इतका वेळ उघडं असताना बाहेरचा उजेड शिरला, तर थिजलेल्या पंखाभोवती धुरकट भूत उमटतं. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा. उन्हातल्या जास्वंदीवर तो काळा येणार नाही, पडवीच्या गडद सावलीतल्या फांदीवर येईल. कुंडी असेल तर ती रोज थोडी थोडी सावलीकडे सरकवा.

आता मापं. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) ४० असलेला फ्लॅश १/३२ शक्तीला ७ चा होतो. आयएसओ ४०० वर तो दुप्पट, म्हणजे १४. एफ/११ ठेवलं तर १४ भागिले ११, म्हणजे फ्लॅश फुलापासून सव्वा मीटरवर हवा. दोन फ्लॅश लावा, फुलाच्या डाव्या-उजव्या बाजूला, थोडे वर. एकाच फ्लॅशने शिंजिराच्या चमकदार पिसांवर एकच पांढरा ठिपका पडतो आणि बाकीचा पक्षी काळा राहतो. मागची बाजू काळीकुट्ट येऊ नये म्हणून फुलाच्या अर्धा मीटर मागे केळीचं किंवा अळूचं मोठं पान उभं करा आणि एका फ्लॅशची कड त्यावर पडू द्या. कॅमेरा तिपाईवर, फोकस मॅन्युअल, आणि तुम्ही घरात तारेच्या किंवा वायरलेस रिमोटसह.

शिंजीर बहुतेक वेळा देठावर बसूनच मध पितो. ज्या फुलाजवळ टेकायला फांदी नाही तिथेच तो हवेत थांबतो. म्हणून टोकाचं, लोंबतं एकच फूल निवडा. जास्वंदीला गर्दी नसेल तर केळफूल, शेवग्याचा फुलोरा, माडाची पोय आणि आंब्यावरचं बांडगूळ बघा. बांडगूळ फुललं की शिंजीर आणि फुलटोचा दोघंही तिथे ठरलेले. बागायतदाराला ते नकोसं वाटतं हे खरं, पण परसातल्या एखाद्या जुन्या रायवळ झाडावर एक झुडूप राहू द्यावं. साखरपाण्याच्या बाटल्या टांगू नका. आपल्या हवेत ते पाणी एका दिवसात आंबतं.

त्रासाबद्दल: दिवसा, मीटरभर बाजूने, कमी शक्तीच्या फ्लॅशला प्रौढ पक्षी सहसा लवकर सरावतात. तरी पहिले दोन दिवस नुसते बंद फ्लॅश उभे करून ठेवा. प्रत्येक फोटोनंतर पक्षी पळत असेल आणि दहा-पंधरा मिनिटं फिरकत नसेल तर त्या दिवशी थांबा. घरट्यावर फ्लॅश कधीही नाही.

प्रश्न : घर हर्णै बंदराच्या बाजूला आहे. माडीवरून ब्राह्मणी घारी आणि कुरव भरपूर दिसतात. ६०० मिमीपर्यंतची झूम आहे, शटर १/२५००. तरीही दुपारचे फोटो मऊ, लोण्यासारखे येतात. लेन्स खराब आहे का?
— वाचक, हर्णै

उत्तर : लेन्सला दोष देण्याआधी सकाळी साडेसातला, वीस मीटरवरच्या माडाच्या बुंध्याचा फोटो काढा. तो स्वच्छ आला तर लेन्स चांगली आहे आणि दोष हवेचा आहे. दहानंतर वाळू, कौलं आणि विशेषतः पत्र्याची छपरं तापतात आणि त्यांच्यावरची हवा थरथरते. २०० मीटरवरच्या घारीचं चित्र ही हवा वाकवूनच कॅमेऱ्यात पाठवते. शटर १/८००० केलं तरी फरक पडणार नाही. घराचं स्वतःचं पत्र्याचं छप्पर लेन्सच्या अगदी खाली येत असेल तर जागा बदला. जवळची तापलेली हवा दूरच्यापेक्षा जास्त घात करते. सकाळी नऊच्या आत काम उरका. दुपारी काढायचेच असतील तर ४०-५० मीटरच्या आत आलेल्याच पक्ष्याचे काढा.

दुसरा संशय खाऱ्याचा. समुद्राच्या वाऱ्याने पुढच्या काचेवर मिठाचा पातळ पापुद्रा चढतो. तो नुसता पाहून कळत नाही, बॅटरीचा उजेड तिरका टाकला की दिसतो. कोरड्या कपड्याने पुसू नका, मिठाचे कण काच चरतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने जेमतेम ओलावलेला मऊ कपडा, शेवटी कोरडा. लेन्सच्या बाहेरच्या नळीलाही तेच करा, नाहीतर झूमची कडी करकरू लागते.

घारीसाठी एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. निळ्या आकाशासमोरून ती झाडांसमोर आली की स्वयंचलित मीटर गोंधळतो. पक्षी मात्र त्याच उन्हात असतो. भर उन्हात १/२५००, एफ/६.३, आयएसओ ४०० इथून सुरू करा. ब्राह्मणी घारीचं डोकं आणि छाती पांढरी शुभ्र, ती जळू नये म्हणून एक तृतीयांश स्टॉप कमी करा. कुरवांनाही तेच. पंखांची खालची बाजू काळी येते ही तक्रार माडीवरून कमी होते, कारण पक्षी तुमच्या नजरेच्या पातळीत किंवा खालून जातो. खाली पांढरी वाळू असेल तर ती खालून उजेडही देते.

फोकस सतत चालणाऱ्या मोडवर, मधल्या बिंदूंच्या गटाला. लेन्सवर अंतर मर्यादेचं बटण असेल तर जवळचा टप्पा बंद करा. स्टॅबिलायझर पॅनिंगच्या मोडवर ठेवा किंवा या वेगाला बंदच करा. कंबरेतून वळा, मनगटातून नको, आणि फोटो निघाल्यावरही क्षणभर वळत राहा. मासळीचा लिलाव संपून पाण्याकाठी टाकाऊ मासळी पडते तेव्हा घारी एकाच वाटेने गोल फिरतात. ती वाट दोन-चार फेऱ्यांत ओळखता येते.

प्रश्न : विहिरीवर वाकलेल्या माडाला दर पावसाळ्यात सुगरणीची घरटी असतात. माझ्याकडे फक्त फोन आहे. काही जमेल?
— वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : जमेल, आणि तुमच्या तालुक्याचं सुगरणीशी नातंही जुनं आहे. सलीम अली यांनी किहीमला राहून याच पक्ष्याचा अभ्यास केला आणि तो १९३० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. नर घरटं अर्धवट विणतो, माद्या येऊन पाहतात, एखादीने पसंत केलं की ते पूर्ण होतं आणि नर पुढचं विणायला घेतो, हे त्यांनी मांडलं. छायाचित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की नर दिवसभर पातीची धांदोटी चोचीत धरून ठरलेल्या वाटेने ये-जा करणार.

फोन तिपाईला बांधा आणि स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ घ्या. ढग दाटले असतील तर १२० वर या, नाहीतर चित्र काळपट होतं. बोट दाबून धरून फोकस आणि उजेड घरट्यावर लॉक करा. मागे उघडं आकाश आलं तर पक्षी काळा पडेल. मागे दुसऱ्या झाडाची हिरवळ येईल अशी जागा शोधा. व्हिडिओतून निवडलेली फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची, म्हणजे सुमारे वीस लाख पिक्सेलची असते. सहा बाय चार इंचांची प्रत तिच्यातून चांगली निघते, भिंतीवरचं मोठं चित्र नाही.

घरात ८x४२ ची दुर्बीण असेल तर फोनची मुख्य लेन्स तिच्या डोळ्याच्या बाजूला नेमकी टेकवून बांधा. २५ मिमीच्या आसपासची फोनची नजर २०० मिमीसारखी होते. दुर्बिणीचे रबरी कप खाली दुमडा, आणि कडेचं काळं वर्तुळ जाईपर्यंत फोनवर दीड-दोन पट झूम करा. हातात धरून हे होत नाही. दुर्बिणीलाही तिपाई हवी.

प्रश्न : पडवीच्या वाशावर दयाळाने घरटं केलंय. आत पिल्लं आहेत. फोन घरट्याजवळ चिकटवून ठेवला तर चालेल का? दोन पानं मध्ये येतात, ती तोडावी का?
— वाचक, राजापूर

उत्तर : दोन्ही नको. ती पानंच पिल्लांना उन्हापासून आणि कावळ्याच्या नजरेपासून वाचवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं. घरट्यापासून दहा-बारा मीटरवर जिथे दयाळ चोचीत किडा घेऊन क्षणभर थांबतो, बहुधा गडग्यावर किंवा कपड्यांच्या दोरीवर, तिथे फोकस लावा. तो फोटो घरट्याच्या फोटोपेक्षा चांगला येतो. आवाजाची रेकॉर्डिंग लावून त्याला बोलावू नका. पिल्लं भरवायची सोडून तो प्रतिस्पर्धी शोधत फिरतो.

प्रश्न : घरामागे खाडी आहे. खुंटावरून छोटा खंड्या पाण्यात सूर मारतो. इन्फ्रारेड किरणाचा ट्रिगर (पक्ष्याने किरण अडवला की फोटो काढणारा) बनवावा की प्री-कॅप्चर (बटण दाबण्याआधीच्या फ्रेमही जपणारी सोय) असलेला मिररलेस घ्यावा?
— वाचक, वेंगुर्ला

उत्तर : खाडीसाठी प्री-कॅप्चर. कारण भरती-ओहोटी आहे. दोन मीटरवरून नुसता दगड टाकला तरी पाण्याला लागताना त्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या वर असतो. कॅमेऱ्याला ६० मिलिसेकंद उशीर धरला तर तेवढ्यात पक्षी ३८ सेंटीमीटर खाली जातो. म्हणून किरण पाण्याच्या ४० सेंटीमीटर वर हवा, नाहीतर फोटोत फक्त शिंतोडे. पण उधाणाच्या दिवसांत पाणी तासाला अर्ध्या मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि तुमचं माप तासाभरात मोडतं. भांगाच्या दिवसांत थोडं जमतं. तळं किंवा विहिरीजवळची दोण असेल, जिथे पाण्याची पातळी हलत नाही, तिथे ट्रिगर उत्तम चालतो. स्वतः बनवणार असाल तर टीव्हीच्या रिमोटचा रिसीव्हर घेऊ नका. तो सतत येणारा किरण गोंधळ समजून दाबून टाकतो. प्रकाश-अडथळ्यासाठी बनवलेला घ्या आणि त्याच्यापुढे दहा सेंटीमीटरची काळी नळी लावा, म्हणजे ऊन शिरणार नाही. हालचाल ओळखणारे, दिव्यांना लावतात ते सेन्सर या कामाला फारच मंद आहेत.

प्री-कॅप्चरमध्ये बटण अर्धं दाबलेलं असताना कॅमेरा सतत फ्रेम साठवत आणि जुन्या टाकत राहतो, आणि पूर्ण दाबलं की मागच्याही जपून ठेवतो. ऑलिंपसने २०१६ च्या ई-एम१ मार्क २ मध्ये ही सोय दिली. कॅनन आर७ मध्ये सेकंदाला ३० फ्रेम आणि मागचा अर्धा सेकंद मिळतो. म्हणजे तुमच्या बोटाचा पाव सेकंदाचा उशीर सात-आठ फ्रेममध्ये भरून निघतो. तोटेही बघा. बॅटरी झपाट्याने उतरते, काही कॅमेरे यात फक्त जेपेग देतात, आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने जोरात हलणारा पंख वाकडा उमटू शकतो. फोकस खुंटावर ठेवून खंड्या सुटतानाचा क्षण धरा. ओहोटीच्या शेवटच्या तासात मासे उथळ डबक्यांत अडकतात, तेव्हा तो वारंवार सूर मारतो. बादलीत जिवंत मासे सोडून त्याला बोलावण्याची पद्धत आम्हाला मान्य नाही.

प्रश्न : पावसाळ्यात बंद काचेतून फोटो काढावे लागतात आणि लेन्सला बुरशी येते. उपाय?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : काच दोन्ही बाजूंनी पुसा, लेन्स काचेला समांतर आणि रबरी हूड टेकवून धरा, खोलीतला दिवा बंद. काचेतून तिरकं काढलं की दुहेरी कडा येतात. डासांची जाळी असेल तर ती काढायलाच हवी.

बुरशीसाठी आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, २५० ग्रॅम नारंगी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून, थंड करून परत ठेवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. तांदळात लेन्स ठेवू नका, त्याचा भुगा झूमच्या फटीत जातो. चामड्याची पिशवी आणि लाकडी कपाट या बुरशीच्या आवडत्या जागा. एसीच्या खोलीतून कॅमेरा पडवीत नेताना बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या, मग उघडा. एवढं करूनही आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून तासभर उजेडात वापरा.